जावईबापू जिंकला तेव्हा

उज्ज्वला,

तू गेलीस हे मला ऑफिसच्या ग्रुपवर कळलं. कुणीतरी दोन ओळी टाकल्या होत्या आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मी ऐरोलीच्या नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभी होते. आधी वाटलं, दुसरी कुणीतरी उज्ज्वला असेल. मग फोन वाजायला लागले. शिर्के सरांचा, एचआरच्या मुलीचा, आपल्या जुन्या बॅचमधल्या प्रीतीचा. सगळे एकच विचारत होते, "अनिता, काय झालं होतं गं तिला?" मला माहीत असणार असं सगळे धरूनच चालले होते. इतकी वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसणारी, तुझ्या डब्यात हात घालून जेवणारी मी. मी प्रत्येकाला सांगितलं, "अचानक झालं हो सगळं." अचानक काहीच झालेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. पण त्या दिवशी नाक्यावर उभं राहून मी ते वाक्य इतक्यांदा बोलले की शेवटी माझाच त्यावर विश्वास बसला.

ऑफिसनं मला तुझ्यावर चार ओळी लिहून द्यायला सांगितल्या. फोटोखाली लावायला. मी दिल्या. मनमिळाऊ, हसतमुख, कामात चोख. त्या वाचून तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे. "ही कोन बाई?" म्हणून हे वेगळं लिहितेय. हे कुठल्या भिंतीवर लावायचं नाही.

आपलं काम लोकांना समजावून सांगणं ही एक कटकटच होती. मी घरी "व्हिडिओ तपासायचं काम" एवढंच सांगून मोकळी व्हायचे. दिघ्याला माझ्या आईला अजूनही वाटतं की मी कॅमेऱ्यात बघून चोर पकडते. तू मात्र कुणीही विचारलं की सरळ सांगायचीस, "आमी घोडे बघतो." आणि मग समोरच्याचा चेहरा मजेत बघत राहायचीस.

घोडेच बघायचो आपण. तिकडे इंग्लंड-आयर्लंडकडे हिवाळाभर अडथळ्यांच्या शर्यती चालतात. हिरव्या मैदानावर अंतराअंतरावर काटक्यांची बुटकी कुंपणं रोवलेली असतात आणि घोडे भरधाव ती ओलांडत जातात. त्यातले कोवळे, पहिल्याच हंगामात उडी शिकणारे घोडे आपल्या वाट्याला होते. मार्चमध्ये तिथं मोठा मेळा भरतो, सगळ्यांचा जीव त्याच्यात अडकलेला. त्याआधी तिकडच्या कंपनीसाठी प्रत्येक घोड्याच्या शर्यती पुन्हा पुन्हा बघायच्या आणि लिहायचं. कुंपणाआधी पाऊल जुळवून घेतो की मध्येच एक जास्तीचं टाकतो. उतरल्यावर तसाच सुटतो की अडखळतो. शेवटच्या चढावर अंगात काही उरलेलं असतं की नाही. मोठ्या गर्दीत, मोठ्या वेगात हा पोरगा टिकेल का.

नियम असा होता की दोघींनी वेगवेगळं बघायचं, वेगवेगळे गुण द्यायचे, आणि मग एकत्र बसून एकच ओळ लिहायची. म्हणजे भांडायचा पगार मिळत होता आपल्याला. तू शाळेत खो-खो खेळलेली. उरणकडच्या त्या शाळेच्या मैदानावर खांबाला वळसा घालताना पाय कसा पडतो, हे तुझ्या अंगात मुरलेलं. त्यामुळे तू पाय बघायचीस. मी बी.कॉम., आधी डेटा एन्ट्रीतली. मी घड्याळ बघायचे, अंतर बघायचे. तू म्हणायचीस, "तू घोड्याचा हिशोब मांडतेस." मी म्हणायचे, "आणि तू त्याची पत्रिका बघतेस." कधी तू बरोबर निघायचीस, कधी मी. चुकलेलीनं दुसरीला कटिंग चहा पाजायचा.

त्या मेळ्याला पहिल्याच वर्षी तू "जत्रा" म्हणालीस आणि मग सगळ्या मजल्यावर तेच नाव पडलं. शिर्के सरसुद्धा तिकडच्या गोऱ्या साहेबाशी बोलताना एकदा "बिफोर जत्रा" म्हणाले होते. घोड्यांची खरी नावं लांबलचक, कुणाच्या तरी आज्याच्या शेताची नाहीतर दारूची. तू त्यांना आपली नावं द्यायचीस. एक होती काळी घोडी, उडी मारताना शेपटी गोल फिरवायची. तिला तू "भवरी" म्हणायचीस. एक पांढुरका, प्रत्येक कुंपणाआधी मान वर करून बघायचा, तो "तलाठी". आणि यंदाचा तो तपकिरी, रुंद छातीचा, सगळ्यांच्या मागून सावकाश येणारा, ज्याला जॉकीनं विनवण्या केल्याशिवाय पुढे जायचंच नसायचं. त्याचं नाव तू "जावईबापू" ठेवलंस. "बघ ना कसा येतो. पाट मांडला, ताट वाढलं, तरी म्हनतो घाई काय हाय."

ज्यांना आपण रोज गुण देत होतो त्यातला एकही घोडा आपण कधी हातभर अंतरावरून बघितला नव्हता. हे तुलाच एकदा डिसेंबरात जेवताना सुचलं. मग एका रविवारी आपण करंजाड्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या त्या घोडेस्वारीच्या क्लबात गेलो. तू छान साडी नेसून आली होतीस, जणू कुणाच्या साखरपुड्याला निघालीस. तिथं एक तरुण घोडा बांबूच्या आडव्या दांडीवरून उडी शिकत होता. पहिल्या उडीला त्यानं मागचे पाय ओढले, दांडी खाली पडली, आणि आपण दोघी एका सुरात बोललो, "मागचं उचलत नाही." शिकवणारा माणूस चमकून वळला. त्याला वाटलं, आपण कुणी मोठ्या बायका आहोत.

मग त्यानं घोडा कुंपणाजवळ आणला. तू आधी माझ्यामागे लपलीस. नंतर हळूच त्याच्या मानेवर तळहात ठेवलास आणि ओरडलीस, "अगं अनिता, गरम हाय गो!" इतकी वर्षं स्क्रीनवर बघून मलाही कधी सुचलं नव्हतं की तो गरम असेल. घोडा फुरफुरला, तुझ्या पदरावर सगळं शिंतोडलं, आणि तू पोट धरून हसलीस. तो तुझा हसताना मागे झुकलेला चेहरा माझ्याकडे आहे. फोटो नाही. तसाच आहे.

परत येताना क्लबच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत थोडा चढ होता. तू मध्येच एका दगडावर बसलीस. म्हणालीस, "सँडल चावतेय." मी म्हटलं, "साडीवर मिरवायला कुणी सांगितलं होतं?" आणि पुढे जाऊन रिक्षा बघायला लागले.

उजू, मी त्या दगडापासून सगळं पुन्हा बघतेय. रेकॉर्डिंग मागे घेऊन बघावं तसं. जानेवारीत तू जिना सोडून लिफ्टनं यायला लागलीस. मी म्हटलं, वजन वाढवतेस. तुझ्या पायात सँडलऐवजी रबरी चपला आल्या, एक नंबर मोठ्या. मी म्हटलं, ऑफिसात काय हे. जेवल्यावर टपरीपर्यंत यायचं तू बंद केलंस. मी प्रीतीबरोबर जायला लागले. उठताना तू टेबलाची कड धरायचीस, उभी राहिल्यावर क्षणभर तशीच थांबायचीस, आणि मग चालायला लागायचीस. मी ते बघितलं. बघितलं नाही असं म्हणायची सोय नाही. एखाद्या घोड्यानं अर्ध्या पावलाची कसूर केली तर मी रेकॉर्डिंग थांबवून शिर्के सरांना बोलावून दाखवायचे. तुझ्याबाबतीत मी मनात एकच ओळ लिहिली होती. आळसावली आहे.

त्यात त्या लीडच्या जागेचं होतं. जत्रा झाल्यावर आपल्या दोघींतून एकीला टीम मिळणार, हे सरांनी आडून सुचवलं होतं. आपण त्यावर कधीच बोललो नाही. तुला ती जागा हवी होती का, हेसुद्धा मी विचारलं नाही. मला हवी होती. आणि तुझी कामं उशिरा यायला लागली, दुपारनंतर तू "तेवढे शेवटचे तीन बघशील का गं" म्हणायला लागलीस, तेव्हा मी ते बघायचे आणि सरांच्या कानावर जाईल अशा बेतानं बघायचे. "हो, उज्ज्वलाचेपण माझ्याकडेच आहेत आज." हे वाक्य मी हसत म्हणायचे.

आणि मग जावईबापूंचं भांडण.

जत्रेच्या आधीची त्याची शेवटची शर्यत होती. तो जिंकला होता, पण जेमतेम. शेवटच्या दोन कुंपणांमध्ये जॉकी त्याला जोर लावून हाकत होता आणि हा मान खाली घालून, जणू कुणावर उपकार करत, पुढे आला. आपण ओळ लिहायला बसलो. मी म्हटलं, "कस आहे याच्यात. आळशी आहे इतकंच. मोठ्या वेगात, मोठ्या गर्दीत जागा होईल. पहिल्या तिघांत धर."

तू म्हणालीस, "आळशी नाय तो. श्वास पुरत नाय त्याला. शेवटच्या उडीला तोंड बघ कसं उघडतंय."

"सगळेच तोंड उघडतात."

"असं नाय उघडत. परत लाव."

मी परत लावलं. पुन्हा लावलं. मला ते दिसत नव्हतं. तू खुर्ची पुढे ओढलीस, स्क्रीनवर बोट ठेवलंस. तुझ्या बोटाचं नख निळसर दिसत होतं. मला वाटलं, स्क्रीनचा उजेड. तू म्हणालीस, "त्याला पळायचं हाय गं. अंग साथ देत नाय. त्याला आळशी म्हनू नको."

बाकीचे जायच्या गडबडीत होते. माझ्यासमोर तुझ्या वाटचे अजून दोन घोडे पडले होते. मी म्हटलं, आणि हळू नाही म्हटलं, "उज्ज्वला, हल्ली तुला सगळ्यांचाच श्वास कमी पडलेला दिसतो. घोडा आळशी आहे की नाही ते राहू दे. तू झालीयस. आख्ख्या मजल्याला दिसतंय."

प्रीती पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. तू माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही. मला वाटलं होतं तू आता तुझ्या गावच्या भाषेत माझी आई-माई काढशील, तशी काढली असतीस तर बरं झालं असतं. तू फक्त म्हणालीस, "बरं. तुझंच लिही." आणि खुर्ची मागे ढकलून, टेबलाची कड धरून उठलीस.

माझंच लिहिलं.

दोन दिवसांनी तू रजेवर गेलीस. लेकीची, सानिकाची दहावी चालू आहे असं सरांना सांगितलंस. मी मनात म्हटलं, बरं निमित्त सापडलं. आणि इतके दिवस तुला साधा फोन केला नाही. रागावलेली तू असणार, तर फोन तू करावास, असा माझा न्याय होता.

जत्रा सुरू झाली. आपल्याकडे संध्याकाळ उतरायची तेव्हा तिकडे पहिली शर्यत सुटायची, आणि मजल्यावर सगळे मोठ्या स्क्रीनसमोर उभे राहायचे. तुझ्या खुर्चीवर कुणीतरी पिशव्या ठेवल्या होत्या. जावईबापू आला तो नेहमीसारखाच, मागून, सावकाश. शेवटून दुसऱ्या कुंपणाला तो मला संपलेला वाटला आणि, खरं सांगते, मला ते नको होतं, कारण मग तू बरोबर ठरली असतीस. आणि मग तो उडाला. शेवटचं कुंपण त्यानं असं घेतलं की जणू ते तिथं नव्हतंच. चढावर एकेकाला मागे टाकत सुटला आणि जिंकला. अख्ख्या मजल्यानं टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "अनिता, काय ओळ लिहिली होतीस!"

मी ती क्लिप कापली आणि तुला पाठवली. खाली लिहिलं, "बघ! श्वास पुरला!!" आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे चेहरे, एक ओळभर.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "शेवटची उडी मस्त. तू बरोबर होतीस."

तेवढंच. मी ते दिवसभरात कितीदा उघडून वाचलं. मला गोड वाटलं, उजू. तुझ्या हरण्याचं गोड वाटलं. मी तुला कटिंगसुद्धा देणं लागत नव्हते; तूच मला देणं लागत होतीस, असा विचार मनात आला आणि मी एकटीच हसले.

त्याच्या पुढच्याच आठवड्यात तू गेलीस. आणि लीडची जागा मला मिळाल्याचा मेल तुझ्या बातमीच्या दुसऱ्या दिवशी आला. सरांनी फोन करून सांगितलं, पेढे सध्या नकोत.

तुझ्या बाराव्याला मी घणसोलीला आले. तुमच्या त्या गल्लीत मी पूर्वी एकदाच आले होते, हळदीकुंकवाला. दारात चपलांचा ढीग होता. तुझ्या मिस्टरांनी मला बघितलं आणि गर्दीतून वाट काढत पुढे आले. "अनिता मॅडम, या. आतच या." बायकांना सरकवून मला तुझ्या सासूबाईंच्या शेजारी बसवलं. सगळ्यांना सांगितलं, "ही उज्ज्वलाची मैत्रीण. ऑफिसातली." बायकांनी माझ्याकडे आदरानं बघितलं. एकीनं पाणी आणून दिलं.

तिथं मला कळलं. तुझ्या हृदयाची झडप लहानपणच्या तापानं खराब झाली होती. गेल्या दिवाळीपासून ती त्रास द्यायला लागली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन लवकर करा म्हणून सांगितलं होतं, आणि तू म्हणाली होतीस, जत्रा होऊ दे आणि सानिकाची दहावी होऊ दे, मग करू. रजेवर गेलीस ती दुसऱ्याच दिवशी पनवेलच्या हॉस्पिटलमध्ये होतीस. मी क्लिप पाठवली तेव्हा तुझ्या नाकाला ऑक्सिजन लावलेला होता. तुझे मिस्टर हे सगळं मला माहीत असल्यासारखं सांगत होते. मी मान हलवत राहिले.

"लय आधार होता तुमचा तिला," ते म्हणाले. "शेवटी शेवटी तिची कामं तुमीच करायचात ना. सांगायची ती. म्हनायची, अनिता हाय म्हनून चाललंय."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या चटईवर कळलं. मी तुझ्या सासूबाईंचा हात धरला आणि म्हटलं, "आई, असं नका म्हणू. मी तिला आळशी म्हटलं होतं. सगळ्यांसमोर."

तुझे मिस्टर खाली बघायला लागले. सासूबाईंनी हात सोडवला नाही. "मना म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी आली ती जेवली नाय. मी म्हनलं, सोर ती नोकरी. तर तुझीच बाजू घेतली तिनी. म्हनते, आई, मी तिला सांगलंच कुठं, तिला काय सपान परनार हाय?"

"पण का नाही सांगितलं मला?"

"तिला नको व्हतं," त्या म्हणाल्या. "म्हनायची, अनिताला कलला तर ती मना घोऱ्यासारखी बघत बसंल. उठली कशी, बसली कशी. तुझ्याकरे आली की दोन घटका बरी व्हायची गो ती. आजारी नसायची."

मग त्यांनी मला जेवायला बसवलं. मी नाही म्हटलं तर माझ्यासमोर पान मांडलं आणि स्वतः वाढलं. मला वाटलं होतं, घास उतरणार नाही. उतरला. भूक लागली होती मला. त्याचीही लाज वाटली.

सानिका या सगळ्यात कुठे दिसली नव्हती. ती आतल्या खोलीच्या दारात उभी होती, पण माझ्याशी बोलायला आली नाही. हळदीकुंकवाला आले होते तेव्हा मला "मावशी, मावशी" करत घोड्यांचे व्हिडिओ दाखवायला लावणारी पोर. मी निघाले, जिन्यात चपला घालत होते, तेव्हा ती मागून आली. एक पायरी वर थांबली.

"तो मेसेज आईनं टाइप नाय केला," ती म्हणाली. "मी केला. आई बोलत होती, मी लिहीत होते."

मी वर बघितलं.

"तिनं अजून एक सांगितलं होतं लिहायला. म्हणाली, लिही, भेटायला ये ना एकदा." ती भिंतीकडे बघून बोलत होती. "मी नाय लिहिलं. मला तुमचा राग आला होता. तुमी हसायचे चेहरे टाकले होते आणि तिला दोन शब्द बोलायला पण दम लागत होता. तिनं विचारलं, लिहिलंस का. मी हो म्हणाले." मग ती थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ती वाट बघत होती तुमची. कोणी पण आलं की दाराकडे बघायची. मला सांगता आलं नाय."

ती रडत नव्हती. तिच्या वयाच्या पोरीनं हे ओझं एवढे दिवस त्या घरात, त्या पाहुण्यांच्या गर्दीत, परीक्षेचे पेपर देत, एकटीनं उचललं होतं, आणि कुणालाच दिसलं नव्हतं.

मी तिच्या पायरीवर चढले. म्हटलं, "सानिका, ऐक. तू लिहिलं असतंस ना, तरी मी आले नसते."

तिनं कठडा धरला.

"जत्रा चालू होती. तेव्हा आम्हाला रजा मिळत नाही. मी तिला लिहिलं असतं, रविवारी येते. आणि रविवारी काहीतरी दुसरं निघालं असतं. तुझ्यामुळे काही चुकलं नाही. तू लिहिलंस काय आणि नाही काय."

"खरंच?"

"खरंच. तुझी शपथ."

तिनं माझा चेहरा नीट न्याहाळला, डोळे, ओठ, सगळं. मी जागची हलले नाही. मग ती एकदम जिन्यातच खाली बसली, डोकं गुडघ्यांत घातलं आणि मोठ्यानं रडायला लागली. आतून कुणीतरी धावत आलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले, तिचे हुंदके थांबेपर्यंत, आणि मग तुझ्या सासूबाईंच्या हवाली करून निघाले.

गल्लीतून चालताना मला बरं वाटत होतं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. वाटलं, निदान पोरीसाठी एक खोटं बोलता आलं. तुझ्यासाठी काही केलं नाही, तर तुझ्या लेकीसाठी एवढं तरी केलं. रिक्षात बसले आणि मग त्या आठवड्यातल्या मला मी आठवायला लागले. टाळ्या घेणारी ती. सरांच्या पुढेमागे करणारी ती. तुझ्या उत्तराचं गोड वाटून दिवसभर फोन उघडणारी ती. त्या बाईला तुझा "ये ना एकदा" आला असता, हॉस्पिटल शब्द नसलेला, तर तिनं काय केलं असतं? मी खूप विचार केला, उजू. रबाळे गेलं, ऐरोली गेली, दिघ्याचा नाका आला, रिक्षावाला "मॅडम, उतरायचंय ना" म्हणाला, तरी मी बसूनच होते.

मी सानिकाला खोटं सांगितलं, असं मला अजून ठामपणे म्हणता येत नाही.